जागेवर चौदा, चढावर बारा

उस्तादांसमोर 'खराब' हा शब्द काढायची सोय नव्हती.

"उस्ताद, बॅटरी खराब झाली," असं म्हणत कोणी गाडी लावली, की ते स्टुलावरून उठायचेच नाहीत. चहा पीत असले तर पीत राहायचे. कप खाली ठेवून मग म्हणायचे, "तू काय पाहिलंस ते सांग. खराब आहे का नाही, ते मी सांगेन."

"सकाळी चालू नाही झाली."

"सेल्फ मारल्यावर आवाज कसा आला? टक करून थांबला, का घर्र घर्र करत मेला?"

"आता ते कोण ऐकतं, उस्ताद."

"मग जा. उद्या सकाळी नीट ऐक आणि ये."

आणि खरंच परत पाठवायचे. केळ्यांनी भरलेल्या गाडीच्या ड्रायव्हरलाही त्यांनी असं परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. तो बिचारा रस्त्यात चार माणसं जमवून धक्का मारत गेला.

बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याच्या पुढे, खंडव्याच्या रस्त्याला लागण्याआधी, पत्र्याच्या एका शेडमध्ये ते बसायचे. दुकानाला पाटी नव्हती. काम फक्त गाड्यांच्या विजेचं: बॅटरी, वायरिंग, आणि मुख्य म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटर. त्याला ते शेवटपर्यंत डायनामोच म्हणत. त्यांचं खरं नाव मला माहीत होतं, पण त्या नावाने कोणी हाक मारलेली कधी ऐकली नाही, त्यामुळे इथे लिहितानाही उस्तादच येतं. अंगाने काडी. गळ्यात दोन वायरी आणि त्यांना जोडलेला एक छोटा बल्ब, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कुठल्या वायरीत करंट आहे नि कुठल्या नाही, ते या बल्बने कळायचं. जेवतानाही तो बल्ब वरणात बुडू नये म्हणून पाठीवर टाकायचे, पण काढायचे नाहीत.

तेव्हा बाजार नुकताच खुला झाला होता. रोज एखादी नवी गाडी रस्त्यावर दिसायची. तरणे मेकॅनिक गाडी आली की एकेक पार्ट बदलत सुटायचे. काहीतरी बदलल्यावर कधीतरी गाडी सुधरायचीच. उस्तादांना याची चीड. ते आधी मीटर लावायचे, मग आकडा बोनेटच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचे. इंजिन बंद असताना किती, चालू केल्यावर किती, सगळे दिवे लावल्यावर किती. तेव्हा निम्म्या बुऱ्हाणपूरच्या गाड्यांच्या बोनेटखाली त्यांचं अक्षर होतं. एकदा शेजारच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने चालू इंजिनावर बॅटरीची वायर उपटली, डायनामो काम करतो का ते बघायला. हे सगळेच करायचे. उस्ताद पायात चप्पल न घालता रस्ता ओलांडून गेले आणि त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "चालत्या माणसाचं नाक दाबून बघतोस का, श्वास घेतो का ते?" एवढंच बोलले. पाना तीन दिवस परत दिला नाही.

आणि या माणसाला गाडी लागायची. साध्या रिक्षात बसून स्टेशनपर्यंत गेले तरी ओकायचे. म्हणून घरून दुकानात पायी, दुकानातून तापीच्या राजघाटावर पायी. एखादी गाडी चालवून बघायची असेल, तर मालकाला एकट्याला पाठवायचे आणि परत आल्यावर पोलिसासारखी उलटतपासणी घ्यायचे. लोक पाठीमागे हसायचे. त्यांनाही ते माहीत होतं.

आमच्याकडे तेव्हा एक जुनी डिझेल पिकअप होती. वडिलांनी ती थर्डहँड घेतलेली. मी ती चालवायचो: केळीचे घड लिलावाला न्यायचे, परत येताना जे मिळेल ते भाडं आणायचं. त्या हिवाळ्यात तिचा लाल दिवा लागायला लागला. डॅशबोर्डवरचा, बॅटरीचं चित्र असलेला. लागायचा, विझायचा. सरळ रस्त्यावर आठ-आठ दिवस नाही, आणि मग कुठेतरी माल भरून चढावर असताना हळूच पेटायचा, निखाऱ्यासारखा मंद. मी नवी बॅटरी टाकली. दिवा लागला. डायनामोचे कार्बन बदलून घेतले. दिवा लागला. दोनदा सकाळी गाडी चालूच झाली नाही. शेवटी उस्तादांकडे न्यायचं ठरवलं, आणि त्यांच्याकडे नेतोय म्हणून आदल्या दिवशी इंजिन प्रेशरने धुऊन चकाचक केलं.

त्यांनी बोनेट उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी चोरून आणलं आहे.

"हे धुतलं कोणी?"

"मीच. तुमच्याकडे आणायची म्हणून."

"अरे भाऊ, पेशंटचं दुखणं पुसून मग आणतोस का माझ्याकडे?"

तरी त्यांनी सगळं केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डायनामोवर आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकला. तोच स्क्रूड्रायव्हर डायनामोच्या पाठीशी धरून चुंबक ओढतो का पाहिलं. मीटर लावला. इंजिन चालू, चौदा व्होल्ट. हेडलाइट लावले, चौदाला जरा कमी. अर्धा तास इंजिन तसंच चालू ठेवलं. चौदाच.

"जागेवर काही नाही," ते म्हणाले. "चालवून आण. चार दिवस चालव, इंजिन घाण होऊ दे, मग आण. घाणच सांगेल."

"उद्या तर खंडव्याला जायचं आहे, उस्ताद."

"काय नेतो आहेस?"

मी सांगितलं. आमच्या गावच्या शाळेतल्या मुली कबड्डीत तालुक्यात पहिल्या आल्या होत्या. आता जिल्ह्याचे सामने खंडव्याला. चौदा मुली आणि त्यांच्या बाई. एवढ्या पहाटे गावात बस येत नव्हती, म्हणून बाईंनी माझी गाडी सांगितली होती.

 उस्ताद बोनेट मिटताना एकदा थांबले. "लाल दिवा उतारावर लागतो का कधी?"

"उतारावर लक्ष नाही दिलं."

"त्या डायनामोच्या पाठीला एक छोटा पंप आहे, माहीत आहे का? ब्रेकला जोर तो पंप देतो. एकाच पट्ट्यावर दोन्ही फिरतात. हा दिवा फक्त बॅटरीचा समजू नको."

मी मान हलवली. ऐकून घेतलं इतकंच. गाडी चौदा दाखवत होती आणि मला उशीर होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मुलींना घेऊन निघालो. मागे हौद्यात सतरंजी, त्यावर चौदा मुली निळ्या फ्रॉकमध्ये, थंडीने एकमेकींना चिकटलेल्या. पुढे माझ्याजवळ बाई. शनवारा सोडला, आणि उस्तादांच्या शेडसमोर रस्त्याच्या मधोमध एक माणूस हात वर करून उभा. डोक्याला मफलर, बगलेत मीटरचा डबा, दुसऱ्या हातात लाकडाचा जाड गुटका.

"मी येतो," ते म्हणाले.

"तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"जागेवर सापडत नाही, तर चढावरच सापडेल. बाई, जरा सरका."

बाई सरकल्या. उस्तादांनी बोनेट उघडून बॅटरीला दोन लांब वायरी लावल्या, खिडकीतून आत घेतल्या आणि मीटर मांडीवर ठेवला. खिशातून लिंबू काढून नाकाशी धरलं. "चल," म्हणाले.

पहिल्या पाच-सहा किलोमीटरमध्येच त्यांनी दोनदा खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बाईंनी पदर नाकाला लावला. मागून मुली विचारत होत्या, "बाई, त्या काकांना काय झालं?" उस्ताद डोकं आत घ्यायचे, तोंड पुसायचे आणि काटा बघून म्हणायचे, "चौदा." रंग पांढराफटक. मी म्हणालो, "उतरा उस्ताद, बसने परत जा." त्यांनी लिंबू पुन्हा नाकाशी धरलं.

असीरगडाचा चढ सुरू झाला. गाडी दुसऱ्या गिअरवर आली. मी रस्ता बघत होतो, आणि बाजूने त्यांचा आवाज येत होता, अगदी सपाट.

"चौदा."

एक वळण गेलं.

"साडेतेरा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दिवा अजून लागला नव्हता.

"तेरा. वेग कमी करू नको. चढू दे तशीच."

शेवटच्या वळणावर काटा बाराच्या जवळ आला, आणि दिवा पेटला. मंद, लाल. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा भीती वाटली. ती दिव्याची नव्हती, दिव्याकडे बघणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्याची होती. ओकून ओकून डोळ्यांत पाणी आलेलं, आणि तरी तो चेहरा एकदम शांत झाला होता.

"माथ्यावर सपाट आलं की बाजूला घे. आता ब्रेकवर हलकेच पाय ठेव."

मी ठेवला. पॅडल दगडासारखं होतं.

पूर्ण जोर लावला तेव्हा गाडी कशीबशी थांबली. सपाटावर होतो म्हणून थांबली. उस्तादांनी उतरून पहिलं काम केलं ते चाकाखाली गुटका सरकवायचं, मग बोनेट. आत काल मी चकाचक केलेलं इंजिन एका बाजूने काळं झालं होतं. डायनामोमागच्या पंपाला तेल पोचवणारा रबरी पाइप क्लॅम्पपाशी चिरला होता. थंड असताना चीर मिटलेली, इंजिन तापलं आणि चढाचा जोर आला की उघडणारी. तेल पट्ट्यावर उडत होतं, पट्टा घसरत होता, त्याने डायनामो मंदावत होता. आणि पंप तेलाशिवाय कोरडा फिरून आतून खाल्ला गेला होता. मी धुतलं नसतं तर हे काळं तेल त्यांना कालच दिसलं असतं. ते हे बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पाइपचं टोक कापून त्यांनी पुन्हा घट्ट बसवलं, पट्टा पुसला, मला इंजिन चालू करायला लावून पॅडल दाबायला सांगितलं. दगडच.

"पंप गेला," ते म्हणाले. "मुली उतरतील."

समोर उतार होता. बाईंनी घड्याळ पाहिलं. "उस्ताद, दहाला हजेरी आहे. वेळेत नाही पोचलो तर समोरच्या टीमला पुढे चाल देतात. हळूहळू घेता येईल ना?"

"हळू जायला ब्रेक लागतो, बाई."

"हे तर नेहमी चालवतात या घाटातून," बाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही सांगा. जाईल का नाही?"

सगळ्या मुली हौद्याच्या कडेवरून वाकून ऐकत होत्या. मला आठवतं, माझ्या मनात 'जाईल' असंच होतं. पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक धरून, जाईल. मी तोंड उघडलं तोवर उस्तादांनी किल्ली काढून पायजम्याच्या खिशात टाकली होती.

मुली उतरल्या. कोणी रडली नाही, पण त्यांची कॅप्टन, सावळी, उंच मुलगी, उस्तादांच्या समोरून जाताना त्यांच्याकडे असं बघून गेली की मीच खाली बघितलं. बाई त्यांना रांगेत पुढे न्यायला लागल्या, तेव्हा उस्तादांनी अडवलं. "गाडीच्या पुढे कोणी चालायचं नाही. सगळ्या मागे. लांब. डोंगराच्या बाजूने."

मग किल्ली मला दिली. "तू रिकामी आण. पहिल्या गिअरमधून काढायची नाही, काही झालं तरी. दार उघडं ठेव."

ते स्वतः पुढच्या चाकाच्या बाजूने चालू लागले, गुटका दोन्ही हातांत धरून. असा आम्ही तो घाट उतरलो. इंजिन ओरडत होतं, मी एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने हँडब्रेक धरून बसलो होतो, आणि दाराच्या फटीतून मला त्यांचा मफलर दिसत होता. आरशात खूप मागे निळी रांग.

तिसऱ्या वळणावर समोरून बस आली. रस्त्याच्या मधून. मला थांबायलाच हवं होतं. मी दोन्ही पाय पॅडलवर रोवले, हँडब्रेक ओढला, आणि गाडी थांबली नाही. सरकत राहिली. फार वेगात नाही, चालत्या माणसाच्या वेगात, पण सरकत राहिली. डाव्या हाताला कठडा नव्हता. बसचा हॉर्न वाजत होता. मग उस्ताद चाकासमोर वाकलेले दिसले, आणि दिसेनासे झाले. एक दणका बसला. गाडी गुटक्यावर चढली, हेलकावली आणि तिथेच राहिली.

मी उडी मारून उतरलो. ते रस्त्यावर बसले होते. उजव्या तळहाताची साल पूर्ण निघाली होती. बसचा ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी शिव्या देत निघून गेला. उस्ताद उठले, रस्त्याच्या कडेला जाऊन पुन्हा एकदा ओकले. आता तर ते गाडीत बसलेही नव्हते.

"चल," म्हणाले. "अजून दोन वळणं आहेत."

खाली पोचल्यावर बाईंनी एक बस थांबवून मुलींना चढवलं. त्या खंडव्याला पोचल्या तेव्हा सव्वाअकरा झाले होते. समोरच्या टीमला पुढे चाल मिळून गेली होती. मुली मैदानाच्या कडेला बसून इतरांचे सामने बघून परत आल्या.

गावात उस्तादांना कोणी चांगलं म्हटलं नाही. काही झालंच नव्हतं, तर आभार कशाचे? एका येड्या मिस्त्रीने पोरींना घाटात पायी चालवलं आणि त्यांचा सामना घालवला, एवढीच बातमी होती. माझ्या घरीही वडील म्हणाले, "नाही तरी तो माणूस घाबरटच. रिक्षात बसत नाही." मी घाटातली हकीकत सांगायचो, लोक ऐकायचे आणि म्हणायचे, "रिकामी होती म्हणून सरकली असेल. भरलेली दबून चालते." ज्यांनी कधी स्टिअरिंग धरलं नव्हतं तेही म्हणायचे.

आठ दिवसांनी रविवारी उस्ताद आमच्या गावात आले. हाताला पट्टी. शाळेच्या ओट्यावर मुलींचे आईबाप, बाई, सरपंच बसले होते. कोणीतरी त्यांना बोलावलं होतं की ते आपणहून आले, मला आजही माहीत नाही. ते उभे राहून म्हणाले, "मुलींचा सामना माझ्यामुळे गेला. त्याबद्दल वाईट वाटतं." बस, इतकंच. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आता सांगा, ब्रेक कसा होता ते सांगा.

ती उंच मुलगी उठली. "काका, आम्ही बसून गेलो असतो तर गाडी नक्की खाली गेली असती का?"

 मला वाटलं, हे एक 'हो' म्हटलं की संपलं. सगळा गाव यांच्या पाया पडेल. मीच 'हो' म्हणणार होतो.

उस्तादांनी विचार केला. 

"माहीत नाही, बेटा," ते म्हणाले. "ते मी मोजलेलं नाही. ब्रेकला जोर नव्हता, एवढं मोजलं. चढावर बारा होते, एवढं पाहिलं. पुढचं मला माहीत नाही."

कोणीतरी मागून हसलं. सरपंच म्हणाले, "चला, चहा घ्या." मला त्या क्षणी उस्तादांचा इतका राग आला होता की मी उठून घरी गेलो. रिकामी गाडी माझ्या पायाखाली सरकली होती, त्यांची साल निघाली होती, आणि हा माणूस म्हणतो माहीत नाही. पण त्या मुलीने त्यांच्याकडे कसं पाहिलं, ते जाताना मी पाहिलं होतं. ती हसली नव्हती. ती खाली बसली होती आणि शेजारणीशी बोलणं थांबवून त्यांच्याकडेच बघत होती.

पुढच्या हिवाळ्यात मुली पुन्हा तालुक्यात पहिल्या आल्या. बाईंनी माझी गाडी सांगितली नाही. शाहपूरच्या एकाची नवी गाडी ठरवली. माझ्या मनाला लागलं, पण काय बोलणार.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी एक बॅटरी भरायला उस्तादांकडे ठेवायला गेलो, तर शेडसमोर ती नवी गाडी उभी. बोनेट उघडं. बाई स्टुलावर बसलेल्या, चार-पाच मुली गाडीभोवती, तो ड्रायव्हर कंटाळून दाराला टेकलेला. उस्ताद मीटर लावत होते.

"बाई, उगाच वेळ चालला," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या गाडीत लाल दिवा कधी लागलेलाच नाही. एकदाही नाही."

उस्ताद काही बोलण्याआधी ती उंच मुलगी खिडकीपाशी गेली. आता ती दहावीत होती.

"इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवा," ती म्हणाली. "तेव्हा लागायलाच पाहिजे. इंजिन चालू झालं की विझतो. तेव्हाही लागला नाही, तर आतला बल्बच गेलेला असतो. मग पुढे काही बिघडलं तरी दिसणार नाही."

ड्रायव्हरने एकदा तिच्याकडे, एकदा बाईंकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. सगळ्या मुली खिडकीत वाकल्या.

डॅशबोर्डवर काहीच लागलं नाही.

उस्ताद आत बल्ब आणायला गेले. मुलींनी खांद्यावरची दप्तरं काढून खाली ठेवली.